मशीनी धूळ खात का पडल्या? चक्वालच्या एका ट्रस्टच्या निमित्ताने

दुबईत नोकरी करणाऱ्या एका वाचकाने विचारलंय: "माझ्याबरोबर काम करणारा पाकिस्तानी सहकारी पंजाबातल्या चक्वाल जिल्ह्यातला आहे. आजोबांच्या नावाने त्याच्या घरचा एक छोटा धर्मादाय ट्रस्ट आहे. तीन वर्षांपूर्वी त्यांनी गावात शिलाई केंद्र काढलं. तीन महिन्यांचा कोर्स, शेवटी प्रमाणपत्र आणि प्रत्येकीला मशीन फुकट. साठेक बायका शिकल्या, पण आज त्यातल्या पाच-सहाच शिवतात. तुम्ही बचत गटांत आयुष्य घालवलंत म्हणून विचारतो, काय चुकलं असेल? आणि पाकिस्तानात हे काम कुणी नीट करून दाखवलंय का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: हो, करून दाखवलंय, आणि इतकं नीट की त्याचा एक धागा आपल्या 'उमेद' अभियानापर्यंत येऊन पोचतो. पहिल्या प्रश्नासाठी मात्र मला माझीच एक फजिती सांगावी लागेल.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मराठवाड्यातल्या एका तालुक्यात आम्ही एका कंपनीच्या देणगीतून चाळीस मशीनी वाटल्या होत्या. उद्घाटनाला मांडव घातला, फोटो निघाले, वर्तमानपत्रात बातमी आली. दोन वर्षांनी मी घरोघर फिरून मशीनी पाहिल्या. एकीवर टीव्ही ठेवला होता. दुसरीचं पायडल मोडून पोराने त्याची गाडी केली होती. एका घरी मशीनवर देव मांडले होते, रोज पुसून हळद-कुंकू व्हायचं, त्यामुळे चाळिसातली सगळ्यांत चकचकीत मशीन तीच. शिकवणाऱ्या बाई उत्तम होत्या, शिकणाऱ्याही हुशार होत्या. आम्ही फक्त एक गोष्ट विचारायची विसरलो होतो: या गावात कपडे शिवून घेतं कोण, वर्षातून किती वेळा, आणि आत्ता ते कुणाकडून शिवून घेतात? गावात दोन शिंपी होते. लोक लग्नसराईत त्यांच्याकडे जायचे आणि बाकीचं बाजारातून तयार आणायचे. चाळीस बायकांना पुरेल एवढं काम त्या गावात कधी नव्हतंच.

तुमच्या सहकाऱ्याच्या गावातही असंच काही असावं, असा माझा अंदाज आहे. चक्वाल म्हणजे पोठोहारचं पठार. पावसावरची शेती, तिकडे तिला 'बारानी' म्हणतात. घरोघरची पुरुष माणसं फौजेत किंवा आखातात. म्हणजे घरात पैसा बाहेरून येतो, आणि बाहेरून आलेला पैसा सहसा तयार कपड्यावर खर्च होतो.

आता हे काम जिथे नीट झालं त्या गिलगिटकडे वळते. मी स्वतः तिथे गेलेले नाही, आपल्या पासपोर्टवर ते जमण्यासारखंही नव्हतं. पण काठमांडूच्या कार्यशाळांमध्ये तिकडचे लोक भेटायचे, आणि रात्री जेवणं झाल्यावर जे बोलणं व्हायचं ते दिवसभराच्या सादरीकरणांपेक्षा कितीतरी कामाचं असायचं. नकाशाचा वाद इथे बाजूला ठेवते. गिलगिट-बाल्टिस्तान आपण पाकव्याप्त काश्मीरचा भाग मानतो. आगा खान यांच्या संस्थेचं काम तिथे आणि शेजारच्या चित्रालमध्ये झालं, एवढं पुरे.

आगा खान म्हटलं की मराठी माणसाला पुण्याचा आगा खान पॅलेस आठवतो, जिथे कस्तुरबा आणि महादेवभाई गेले. तो वाडा तिसऱ्या आगा खानांनी १८९२ साली बांधला, आणि दुष्काळात आसपासच्या लोकांना काम मिळावं हा त्यामागचा हेतू होता असं सांगतात. म्हणजे 'काम देऊन मदत' ही त्या घराण्याची जुनी चाल. त्यांचे नातू चौथे आगा खान यांनी १९६७ मध्ये आगा खान फाउंडेशन स्थापन केलं. डिसेंबर १९८२ मध्ये याच फाउंडेशनने गिलगिटला 'आगा खान रूरल सपोर्ट प्रोग्रॅम' सुरू केला. नाव लांब आहे, म्हणून पुढे 'कार्यक्रम' म्हणते. त्याचे पहिले प्रमुख शोएब सुलतान खान, मूळचे सनदी अधिकारी.

तिथली भौगोलिक परिस्थिती समजल्याशिवाय पुढचं कळणार नाही. पाऊस जवळजवळ नाही. शेती होते ती हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्यावर, आणि ते पाणी कड्याकपाऱ्यांतून कोरलेल्या पाटांनी मैलोनमैल आणावं लागतं. त्या पाटाला तिकडे 'कूल' म्हणतात. दरवर्षी दरड कोसळते, गाळ साचतो, पाट फुटतो. आपल्याकडे पांझरेच्या काठी फड पद्धतीत पाटकरी असतो, पाण्याच्या पाळ्या ठरलेल्या असतात, तसंच. तिथे मात्र ही शिस्त मीर आणि राजे ठेवायचे. लोकांना वेठीला धरून पाट दुरुस्त करवून घ्यायचे. सत्तरच्या दशकात सरकारने ही संस्थानं खालसा केली, हुंझा १९७४ मध्ये. वेठ गेली हे उत्तमच झालं, पण पाटाची साफसफाई करवून घेणारं कुणी उरलं नाही. सरकारी खातं दूर होतं आणि गाव विखुरलेलं. शोएब सुलतान खान हेच कारण पुन्हा पुन्हा सांगत: जुनी व्यवस्था मोडली, नवी आलीच नाही, ती पोकळी भरणं हे आमचं पहिलं काम.

त्यांनी ती कशी भरली, यात तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. त्यांची मंडळी गावात जायची, सगळ्या घरांतल्या लोकांना एकत्र बसवायची आणि साधारण असं बोलायची: तुमच्या मागण्यांची यादी घ्यायला आम्ही आलेलो नाही. आम्ही एक सौदा घेऊन आलोय. तुम्ही सगळ्या घरांची मिळून एक संघटना करा, तिकडच्या भाषेत 'तंझीम'. ती नियमित भेटली पाहिजे. प्रत्येक बैठकीत प्रत्येकाने बचत टाकली पाहिजे, कितीही थोडी असो. आणि तुमच्यातलीच एक-दोन माणसं निवडून आमच्याकडे शिकायला पाठवा. एवढं कराल तर गावाने एकमताने ठरवलेल्या एका कामाला आम्ही पैसे देऊ, एकदाच. बहुतेक गावांनी पाट मागितला किंवा रस्त्याला जोडणारा जीपरस्ता मागितला. सर्वेक्षण अभियंते करायचे, पण पाटाची वाट कुठून जावी हे गावातले म्हातारे दाखवायचे, आणि खणायचं गावाने.

आता प्रशिक्षण कुठे आलं ते पाहा. नवा पाट आला की पडीक उतार भिजू लागला. तिथे आधी चारा म्हणून लसूणघास पेरला गेला, पॉप्लर आणि विलोची झाडं लावली गेली. चारा वाढला तशी जनावरं वाढली. जनावरं वाढल्यावर लस टोचणारा माणूस हवा झाला. आता तंझीमने एकाला निवडून काही दिवसांच्या शिक्षणाला पाठवलं. तो परत आला तेव्हा त्याच्या हातात प्रमाणपत्र होतंच, शिवाय गावात त्याची वाट पाहणारी जनावरंही होती. कोंबड्यांसाठी बायकांमधल्या तज्ज्ञ तयार झाल्या, झाडांच्या रोगांसाठी आणखी कुणी. ही माणसं पगारी नव्हती. सेवेचे पैसे गावकऱ्यांकडून घ्यायची. एखादा कामचुकारपणा करू लागला तर तंझीम त्याला बैठकीत धारेवर धरायची. आपल्याकडची पशुसखी शेळ्यांना जंताचं औषध पाजून थोडे पैसे घेते, ती याच जातीची कल्पना.

आमच्या चाळीस मशीनींच्या मागे अशी साखळी नव्हती. पाट, चारा, जनावर, लस यांत प्रत्येक कडी पुढच्या कडीची गरज निर्माण करत होती. आम्ही शेवटची कडी आणून भिंतीला टांगली होती.

जर्दाळूचं उदाहरण तर मला सगळ्यांत आवडतं. हुंझा-गिलगिटला जर्दाळू अमाप. पण ताजं फळ चार दिवस टिकत नाही, आणि काराकोरम महामार्ग होईपर्यंत ते न्यायचं तरी कुठे? महामार्ग सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बांधून झाला आणि चीनकडची सीमा १९८६ मध्ये सर्वसाधारण प्रवाशांना खुली झाली. लोक पूर्वीपासून जर्दाळू छपरांवर वाळवायचे, पण त्यात धूळ बसायची, रंग काळपट व्हायचा, बाहेरचा गिऱ्हाईक हात लावायचा नाही. कार्यक्रमाने बी काढून फळ गंधकाच्या धुरीत ठेवायला आणि जमिनीपासून उंचावरच्या ट्रेमध्ये वाळवायला शिकवलं. हे शिकायला फार दिवस लागत नाहीत. वर्षं गेली ती गिऱ्हाईक शोधण्यात. पुढे गिलगिटच्या माउंटन फ्रूट्स कंपनीमार्फत ही सुकी जर्दाळू फेअरट्रेडच्या, म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त भाव दिल्याच्या, शिक्क्याने ब्रिटनपर्यंत गेली. संस्थांच्या अंदाजपत्रकात नेमकं उलटं असतं, हा माझा जुना राग आहे. शिकवण्यासाठी लाखो रुपये, आणि गिऱ्हाईक शोधायला तालुक्याच्या गावाला एक खेप मारायची तरतूद नसते.

एवढं वाचून कुणाला वाटेल, सगळं गोडच आहे. तसं नाही. जागतिक बँकेने या कार्यक्रमाचं १९८७ पासून चार वेळा मूल्यमापन केलं आणि पहिल्या दशकात तिथली उत्पन्नं दुपटीहून वाढल्याचं नोंदवलं. पण त्याच काळात महामार्ग आला, बटाट्याच्या बियाण्याला खालच्या मैदानात बाजार मिळाला, पर्यटक आले. दुपटीचं सगळं श्रेय एका संस्थेला देणं मला पटत नाही, आणि तिथले शहाणे लोकही ते घेत नाहीत. पाट बांधून झाल्यावर काही तंझीम झोपल्या, बैठका बंद पडल्या, काहींची कर्जं थकली. सुरुवातीच्या तंझीम पुरुषांच्याच होत्या, बायकांच्या वेगळ्या संघटना मागाहून आल्या. पंथाचाही प्रश्न होता. आगा खान म्हणजे इस्माइली या शिया उपपंथाचे इमाम, त्यामुळे सुन्नी आणि बाराइमामी शिया गावांमध्ये बरीच वर्षं शंका होती की हे धर्मप्रसारासाठी आलेत. काही खोऱ्यांनी दार उघडायला वेळ घेतला, काहींनी उघडलंच नाही. कार्यक्रम सर्वांसाठी खुला होता, तरी तुमच्या नावावर लोक काय वाचतात ते तुमच्या हातात नसतं. चक्वालमध्येही ट्रस्टवाल्या घराला गावात जमीनदार म्हणून ओळखत असतील, तर फुकट मशीन नाकारायची हिंमत कुणाला होणार? साठातल्या कितीजणी नुसत्या भिडेखातर आल्या होत्या, हे विचारून बघायला सांगा.

आता तो धागा. शोएब सुलतान खानांचे गुरू अख्तर हमीद खान. जन्म आग्र्याचा, आयसीएस अधिकारी, १९४५ मध्ये त्यांनी नोकरी सोडली आणि काही काळ अलीगढजवळ कुलपं बनवणाऱ्याच्या हाताखाली मजुरी केली. पुढे पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, कोमिल्लाला १९५९ पासून त्यांनी शेतकऱ्यांच्या छोट्या सहकारी गटांचा प्रयोग केला. तिथेच तरुण शोएब सुलतान त्यांना भेटले. गिलगिटनंतर, नव्वदच्या दशकात, शोएब सुलतान खान संयुक्त राष्ट्रांच्या दक्षिण आशियाई दारिद्र्य निवारण कार्यक्रमाचे सल्लागार झाले आणि त्याची भारतातली जागा होती आंध्र प्रदेशातले कर्नूल, महबूबनगर आणि अनंतपूर हे तीन जिल्हे. त्या कामातून आंध्रातली बायकांच्या गटांची मोठी रचना उभी राहिली, आणि २०११ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण जीवनोन्नती अभियान आखताना आंध्राचा अनुभव समोर होता. त्याच अभियानाचं महाराष्ट्रातलं रूप म्हणजे आपलं उमेद. आमच्या सीआरपी ताई, म्हणजे गावोगाव गट बांधणाऱ्या कार्यकर्त्या, 'व्हीओ' (व्हिलेज ऑर्गनायझेशन) म्हणजे ग्रामसंघ हा शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारतात. गिलगिटमधल्या तंझीमचंही कागदावरचं नाव व्हीओच होतं. उलट दिशेनेही धागा गेला. पाकिस्तानी मंडळी आंध्रात येऊन बायकांचे गट पाहून गेली, आणि २००९ च्या सुमारास सिंधमधल्या शिकारपूर आणि काश्मोर जिल्ह्यांत बायकांच्याच तंझीम धरून काम सुरू झालं. काठमांडूत एका सिंधी बाईंनी मला विचारलं होतं, "तुमच्याकडे बैठकीला नवरे कडमडतात का?" मी म्हटलं, कडमडतात, दारात उभे राहतात. त्या म्हणाल्या, मग आपलं जमेल.

शिलाईच्या बाबतीत अख्तर हमीद खानांचंच दुसरं काम तुमच्या जास्त उपयोगाचं आहे. १९८० मध्ये त्यांनी कराचीच्या ओरंगी वस्तीत पायलट प्रोजेक्ट सुरू केला. तो गटारांसाठी गाजला. गल्लीतल्या वीस-तीस घरांनी आपापल्या पैशाने गल्लीतलं गटार घालायचं, मोठं गटार सरकारने. पण तिथेच शिवणाऱ्या बायकांचाही एक प्रयोग झाला. ओरंगीत घरोघर बायका ठेकेदाराकडून कापड आणून शिवत होत्या आणि ठेकेदार त्यांना अक्षरशः पिळत होता. प्रोजेक्टने बायकांची कार्यकेंद्रं काढली. केंद्राने व्यापाऱ्याकडून थेट काम आणायचं, वाटायचं, दर्जा तपासायचा, वेळेत पोचवायचं. नवख्या बायका तिथे धूळ पुसायची फडकी आणि पिशव्या शिवत शिवत शिकल्या, म्हणजे शिकतानाच हातात पैसे. वेगळा वर्ग आणि वेगळं प्रमाणपत्र नव्हतं. हुंझातल्या अल्तितलाही हाच प्रकार. तिथे जुन्या वस्तीचं आणि किल्ल्याचं जतन चालू असताना गावातल्या मुली सुतारकाम, गवंडीकाम, मोजणी त्या कामावरच शिकल्या. सुतार बाई म्हटल्यावर आधी लोक हसले असतील, पण समोर बसवायला दरवाजे होते आणि मजुरीही होती, म्हणून हसणं फार टिकलं नाही.

पैशाबद्दल एक. मशीन फुकट दिली ही दुसरी चूक. लाहोरच्या डॉ. अमजद साकिब यांनी २००१ मध्ये 'अखुवत' सुरू केलं, तेव्हा पहिलं कर्ज एका विधवा बाईला दहा हजार रुपयांचं दिलं होतं, बिनव्याजी. तिने ते फेडलं, आणि तेच पैसे पुढच्या माणसाकडे गेले. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध, त्यामुळे 'कर्ज-ए-हसना' हा शब्द तिकडच्या कुठल्याही खेड्यात समजावून सांगावा लागत नाही. कर्जाचे अर्ज आणि वाटप मशिदीत चालतं, सगळ्यांसमोर. डॉ. साकिब यांना २०२१ मध्ये मॅगसेसे पारितोषिक मिळालं. शोएब सुलतान आणि अख्तर हमीद या दोघांनाही ते आधी मिळालेलं. चक्वालच्या ट्रस्टने पुढची मशीन अशीच द्यावी. जी बाई हप्ता कबूल करते, तिने गिऱ्हाइकाचा हिशोब आधीच मनात मांडलेला असतो.

आता तुमच्या सहकाऱ्याने प्रत्यक्ष काय करावं ते सांगते.

सहा महिने नवा कोर्स काढू नका. आधी त्या पाच-सहा शिवणाऱ्या बायकांकडे जाऊन बसा. कुणाचे कपडे शिवतात, कापड कोण आणतं, पैसे वेळेवर मिळतात का, ईदच्या आधीच्या महिन्यात किती काम येतं आणि नंतर किती. बाजारात दुसऱ्या गावी जाणं त्यांना चालतं की घरचा पुरुष माणूस लागतो, हे नक्की विचारा. पुष्कळदा अडतं ते इथेच. शिवता येतं, पण ऑर्डर आणायला जाता येत नाही. त्या पाच-सहाजणींतली एखादी पाय रोवून उभी असेल. बाकीच्यांना तिच्या हाताखाली बसवता येईल का ते पाहा. काज-बटण, पिको, ओव्हरलॉक अशी एखादी मशीन तिच्याकडे सामाईक ठेवली, तर साठ साध्या मशीनींपेक्षा ती जास्त कमावेल.

मग शिलाई बाजूला ठेवून गावातल्या सगळ्या बायकांना एकच विचारा: दिवसभर काय करता? मला वाटतं, उत्तर म्हशी आणि शेळ्या हे येईल, आणि हंगामात भुईमूग फोडणं. चक्वालचा भुईमूग तिकडे प्रसिद्ध आहे. जे काम त्या आधीपासून करतात त्यात चार पैसे वाढवणं सोपं जातं. दर आठवड्याला पंधरा-वीसजणींनी भेटायचं आणि थोडी बचत टाकायची, एवढ्यापासून सुरुवात होऊ द्या. ट्रस्टने त्या बैठकीला हजर राहायचं, पण तोंड बंद ठेवायचं. हे सगळ्यांत अवघड असतं, मलाही दहा वर्षं लागली. एखादीला लसीकरण शिकायला पाठवायचं झालं तर निवड बायकांनी करावी, ट्रस्टच्या घरातल्या सुनेने नाही. नॅशनल रूरल सपोर्ट प्रोग्रॅम ही गिलगिटच्याच धर्तीवर १९९१ मध्ये निघालेली संस्था इस्लामाबादला आहे, चक्वालपासून फार लांब नाही. स्वतःचं नवं काही उभारण्याआधी त्यांच्या लोकांना एक चहा पाजावा.

आणि त्या पन्नासेक पडून असलेल्या मशीनी परत मागू नका, वाईट दिसतं. ज्यांना नको त्यांनी त्या विकाव्यात, पैसे स्वतःच ठेवावेत, असं ट्रस्टने उघड सांगून टाकावं. कोण विकतं आणि कोण विकायला नकार देतं, त्याची यादी करून मला पाठवा. पुढचं बोलणं त्या यादीवरून करू.